परसातली राहुटी

"बाई, मांडव म्हणाल तर उद्या घालतो. पाचशे माणूस जेवून उठंल असा घालतो. पण सहा पोरांचा तंबू?" गोरक्षनाथनं परसावरून नजर फिरवली. एका अंगाला लिंबाचं झाड, दुसऱ्या अंगाला धुण्याचा दगड आणि मधे झाडून झाडून गुळगुळीत झालेली जमीन. त्यानं मान हलवली. "एवढुसा मांडव आमच्याकडं न्हाई. लोकांना मोठाच लागतो."

हेलननं मोबाईल पुन्हा त्याच्यापुढं धरला. फोटोत हिरव्यागार गवतावर पांढरेशुभ्र टोकदार तंबू होते. त्यांच्यावर बारीक दिव्यांच्या माळा, आत गुबगुबीत उशा, आणि समोर जाळ करून बसलेली गोरी गोरी पोरं. काठ्यांच्या टोकाला पांढरं काहीतरी टोचून त्यांनी ते जाळावर धरलं होतं.

"हे काय भाजत्यात?"

"साखरेची काहीतरी मिठाई असते म्हणे. स्टेलानं नाव सांगितलं होतं, ध्यानात राहिलं नाही."

"आपल्याकडं एवढे कारखाने, पण साखर भाजायचं कुनाच्या डोस्क्यात आलं न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला आणि स्वतःच हसला. हेलनला हसू आलं नाही. सकाळपासून तिचे गुडघे ठणकत होते, आणि मांडववाल्याला फोटो दाखवणं हे त्या दिवसाचं पहिलंच काम होतं.

जाता जाता तो दारात थांबला. "स्टेलाताईच्या लग्नाचा मांडव माझ्या हातचा हाय. तिच्या पोराला न्हाई म्हनायचं जिवावर येतं. बांबू नि दोर धाडून देतो. वर कापड काय घालायचं ते तुमचं तुमी बघा."

स्टेला ही हेलनची एकुलती एक लेक. नर्स. आयर्लंडला गेली तेव्हा रॉबिन तीन वर्षांचा होता. "सहा महिन्यांत नेते त्याला," असं सांगून गेली, आणि ती खोटं बोलली नव्हती, तिला तसंच वाटलं होतं. पुढं गेल्या वर्षी जावई, विल्सन, तिकडं गेला. रॉबिन संगमनेरातच आजीपाशी राहिला. आजीच्या कुशीत झोपायचा, आजीच्या हातचं खायचा, आणि रोज संध्याकाळी मोबाईलमधल्या आईला आपला पडलेला दात, नवा कंपास, गुडघ्यावरची खपली दाखवायचा.

आता त्याचे तिकडं जायचे कागद झाले होते. त्याचा वाढदिवस तंबूत करायचा ही स्टेलाची हौस होती; तो झाला की पाठोपाठ विल्सन येणार आणि त्याला घेऊन जाणार. कागद रॉबिनचे झाले होते. हेलनचे नव्हते झाले, आणि व्हायचेही नव्हते. "पुढं बघू आई, पाहुणी म्हणून ये दोन-चार महिने," असं स्टेला म्हणायची. हेलन हो म्हणायची. या वयात त्या थंडीत पाहुणी म्हणून आपण जात नसतो, हे दोघींनाही माहीत होतं.

माहीत नव्हतं ते रॉबिनला. दिवाळीच्या सुटीत एकदा तो फोनवर रडायला लागला, आजीला सोडून मी येणार नाही म्हणून. तिकडून स्टेला पटकन बोलून गेली, "आजीपण येणारे रे राजा." पोरानं ते धरून ठेवलं. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत सुटला, मी आणि आजी विमानात बसणार.

"वाढदिवस होऊ दे, मग सांग त्याला," काल रात्रपाळीला निघता निघता स्टेला फोनवर म्हणाली होती.

"मीच सांगू?"

"तुला जमतं गं आई. हॉस्टेलच्या मुलींना तूच सांगायचीस ना सगळं."

ते खरं होतं. मुलींच्या वसतिगृहात हेलननं तीसेक वर्षं काढली. राहायच्या मुली अकोल्याच्या, राजूरच्या, डोंगरातल्या लहान लहान वाड्यांमधल्या. कुणाचा बाप सुटीला न्यायला येणार नसे, कुणाचा आजा वारलेला असे, कुणाचं लग्न ठरून शाळा संपलेली असे. निरोप घरून यायचा आणि सांगायचा हेलनबाईंनी. त्यांचे त्यांनी नियम करून घेतले होते. पोर जेवत असताना सांगायचं नाही. झोपायला निघालेली असताना तर नाहीच. तिच्या हातात काहीतरी काम द्यायचं, तांदूळ निवडायला, चादरीची घडी घालायला, आणि मग शेजारी बसून सांगायचं. हातात काम असलं की पोर कोसळत नाही.

इतक्या मुलींना सांगितलं. पण त्या मुलींना सांगून झाल्यावर हेलनबाई आपल्या खोलीत येऊन निजत असत. इथं सांगून झाल्यावर कुठं जायचं, हे तिला कळत नव्हतं.

बांबू आले त्या दिवशी तिनं ट्रंक उघडली. तळाशी मांजरपाटाच्या चादरी होत्या, जाड, पिवळट पडलेल्या. रॉबिन शेजारी उकिडवा बसला.

"आजी, मम्मीच्या फोटोतला तंबू पांढरा आहे."

"धुतल्यावर ह्यापण पांढऱ्या होतील. आणि तंबू नाही म्हणायचं याला. याला राहुटी म्हणतात."

"तुला काय माहीत?"

"माझे बाबा राहुट्याच ठोकायचे."

आणि शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून चादरीला चादर जोडता जोडता तिनं त्याला ते सांगितलं. तिचे बाबा, बेंजामिन, मिशनच्या साहेबाकडं कामाला होते. नाताळ झाला की थंडीचा दौरा निघायचा. दोन बैलगाड्या. एकीत राहुटी, खाटा, साहेबाची लोखंडी पेटी आणि बाजाची पेटी. दुसरीत स्वयंपाकाची भांडी आणि भांड्यांच्या मधे हेलन. गावाबाहेर कुणाच्या तरी मोकळ्या रानात बाबा राहुटी उभी करायचे. लाकडी मोगरीनं खुंट्या ठोकायचे, दोर ताणायचे, आणि मग दोराला बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचे. आवाज बरा आला तरच साहेब आणि मडमबाई आत जायचे. संध्याकाळी गावातली माणसं गाणी ऐकायला यायची.

"मग तू आत झोपायचीस?" रॉबिननं विचारलं.

"नाही रे. आम्ही गाडीखाली झोपायचो. कडबा अंथरून."

"थंडी नाही वाजायची?"

"वाजायची."

हेलन सुईत दोरा ओवत होती आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता. रॉबिननं तो तिच्या हातातून घेतला, जिभेनं ओला केला आणि एका दमात ओवून दिला. हे पोर गेल्यावर सुई कोण ओवून देणार, असं तिच्या मनात आलं, आणि एवढा क्षुल्लक विचार यावा याचा तिला शीण आला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारची लंकाबाई खुंट्या घेऊन आली. तिच्या पाच-सहा शेळ्या होत्या, आणि खुंट्या त्यांच्याच दावणीतल्या होत्या.

"घ्या. शेळ्या बांधल्यात आज सगळ्या एका खुट्याला. बोंबलत्यात मला शिव्या देत," असं म्हणून तिनं पदरातून खुंट्या ओतल्या. मग बांबू, चादरी, दोर असा सगळा पसारा बघून कमरेवर हात ठेवला. "बाई, एक इचारू का? लोकं तंबूतून घरात जायला जलमभर राबत्यात. आन् तुमची लेक घर सोडून पोराला तंबूत बसवती व्हय?"

"हौस असते लंकाबाई. तिकडची पद्धत आहे."

"आसंल बया. तिकडं चांगली घरं लई झाली आसतील." मग रॉबिनकडं बघून ती म्हणाली, "आन् काय रं गोऱ्या सायबा, उद्या आमाला काय खायला घालनार? क्येक का?"

"केक आहे. आणि जाळावर भाजायचं पण काहीतरी आहे. पण ते आजीला मिळालं नाही."

"त्याला काय जातंय. हुरडा आनते मी. आमच्या रानात आत्ता दूध भरलंय कणसात."

ती गेल्यावर दोघं कामाला लागली. हेलननं मोगरीऐवजी धुण्याचं धोपाटणं काढलं आणि रॉबिनच्या हातात दिलं. जमीन टणक होती, तिनं आदल्या रात्री पाणी मारून ठेवलं होतं. तो दोन्ही हातांनी धोपाटणं उचलून खुंटी ठोकत होता, जीभ दातांत धरून. त्याच्या हातात काम होतं. लिंबाची सावली होती. आसपास कुणी नव्हतं. तिच्या सगळ्या नियमांत बसणारी ती वेळ होती.

"रॉबिन," ती म्हणाली.

"आजी, तिकडं पण आपण राहुटी लावू. तू शिव. मी खुंट्या ठोकीन, मला आता येतं. मम्मीच्या घरामागं लॉन आहे. तिथं तर पाणीपण मारायला लागणार नाही."

हेलननं तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "खुंटी तिरपी धर. सरळ ठोकलीस तर उपटून येईल."

राहुटी उभी राहिली. फोटोतल्यासारखी नाही, एका बाजूला जरा कलती, आणि शिवणीच्या रेघा उन्हात लांबूनही दिसत होत्या. दिव्यांच्या माळा नव्हत्या. नाताळात दारावर लावलेली कागदाची चांदणी अजून उतरवायची राहिली होती, ती काढून रॉबिननं पुढच्या बांबूला बांधली. हेलननं दोराला टिचकी मारली. आवाज बरा आला. इतक्या वर्षांनी बोटाला तो आवाज अजून ओळखता येत होता.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास पोरं आली. रॉबिनच्या वर्गातली चार आणि लंकाबाईची नात ज्ञानेश्वरी, जी सगळ्यांहून दोन वर्षांनी मोठी होती आणि आल्या आल्या सगळ्यांना हुकूम सोडायला लागली. "चपला बाहेर. आमच्या शाळेत कब-बुलबुलची राहुटी असते, तिथं चपला बाहेरच काढायच्या असत्यात." पोरांनी मुकाट्यानं चपला काढल्या.

केक कापायच्या आधी हेलननं लहानशी प्रार्थना केली. देवा, या लेकराला सांभाळ, एवढंच म्हणायचं होतं, पण शेवटी ती म्हणाली, "जिथं असेल तिथं सांभाळ." मोबाईल लिंबाच्या फांदीला टेकवून ठेवला होता. त्यात स्टेला होती, कामाच्या कपड्यांत, जेवणाच्या सुटीत कुठल्याशा कोपऱ्यात उभी राहिलेली.

"आई, लाईट नाही मिळाले का?"

"चांदणी लावलीय ना."

"तंबू थोडा वाकडा..." असं म्हणता म्हणता स्टेला थांबली. तिनं मोबाईल जवळ घेतला असावा, कारण तिचा चेहरा एकदम मोठा झाला. "ह्या हॉस्टेलच्या चादरी आहेत ना? माझ्या लहानपणच्या?"

"हो."

मागून कुणीतरी तिला हाक मारली. "छान झालंय आई," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "सांगितलंस?"

"नाही अजून."

"उद्या सांग. परवा विल्सन येईल, त्याच्यासमोर नको. तो गडबडतो."

"सांगते. तू जेव आता."

लंकाबाईनं गोवऱ्यांचा आर करून कणसं खुपसली. हुरड्याचा वास परसभर पसरला. ती तळहातावर कणीस चोळून गरम दाणे पोरांच्या ओंजळीत टाकत होती. "फू करून खा, न्हाईतर जीभ भाजंल. आगं पोरे, समद्यांना दे, एकटीच काय गिळतीस?" मग पोरं सगळी राहुटीत शिरली आणि आतून हसण्याचा, ढकलाढकलीचा आवाज यायला लागला. कापड आतून इकडं तिकडं फुगत होतं.

हेलन बाहेर बसली. ठरवून नव्हे. स्टूल ओढलं आणि राहुटीच्या कोपऱ्याशी, जिथं दोर खुंटीला बांधलेला होता तिथं टेकली. एक हात आपोआप दोरावर गेला. दिवसभराच्या धावपळीनं पाठ भरून आली होती.

"आजी, आत ये ना," रॉबिनचं डोकं बाहेर आलं.

"तुम्ही खेळा. माझे गुडघे वाकत नाहीत."

ज्ञानेश्वरीचंही डोकं बाहेर आलं. "आजी, तुमी बाहेर का बसलाय एकट्या?"

"माझे बाबापण बाहेरच असायचे. मी त्यांना विचारलं होतं एकदा, आपण आत का नाही झोपायचं. ते म्हणाले, राहुटीला बाहेर एक माणूस लागतं. वारा सुटला, दोर सैल झाला, तर आतल्याला काय कळणार?"

बाबांनी ते का सांगितलं हे तिला पुढं मोठी झाल्यावर कळलं. साहेबाच्या राहुटीत बेंजामिनच्या पोरीला जागा नव्हती, एवढीच खरी गोष्ट होती. पण बाबांनी ती तशी सांगितली नाही. त्या रात्री गाडीखाली कडब्यात पडल्या पडल्या लहानग्या हेलनला वाटलं होतं, आपण बाहेर आहोत म्हणून तर आतले निवांत झोपलेत. आणि तिला छान झोप लागली होती.

"भारी काम हाय ते," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि डोकं आत घेतलं. रॉबिन तेवढा थोडा वेळ आजीकडं, दोरावरच्या तिच्या हाताकडं बघत राहिला.

सकाळी शाळेला सुटी होती. लंकाबाईच्या शेळ्या खुंट्यांसाठी खोळंबल्या होत्या, म्हणून चहा झाल्यावर लगेच राहुटी उतरवायला घेतली. चांदणी सोडली, दोर गुंडाळले, चादरींची घडी घातली. खुंट्या उपटल्यावर जमिनीत भोकं राहिली.

हेलननं रॉबिनच्या हातात खुरपं दिलं. "आता ही बुजवायची. बाबांचा नियम होता. राहुटी उठवली की सगळी भोकं बुजवायची, पाणी शिंपडायचं आणि टाचेनं दाबायचं. दुसऱ्याचं रान असायचं ना. गाईचा, वासराचा पाय अडकून मोडायचा."

"इथं कुठं गाय आहे?"

"शेळ्या येतात ना लंकाबाईच्या."

तो उकिडवा बसून माती ओढायला लागला. ती शेजारी धुण्याच्या दगडावर टेकली, तांब्या हातात घेऊन. त्यानं एक भोक बुजवलं. तिनं पाणी शिंपडलं. त्यानं टाचेनं दाबलं. दुसऱ्यापाशी गेले.

"रॉबिन, तुझे पप्पा उद्या येतील. पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघं जाल. मी नाही येणार रे."

खुरपं थांबलं नाही. माती भोकात पडत राहिली, भोक भरलं तरी पडत राहिली.

"मम्मी म्हणाली होती."

"हो. तिला तसं वाटत होतं. पण नाही जमणार."

"मग नंतर?"

"नंतरचं मला नाही माहीत."

हॉस्टेलात या जागी ती एखादा शब्द जोडत असे. सुटी लवकर येईल, पत्र लिही, मी आहे. आज तिला काही जोडता आलं नाही. त्यानं मातीचा उंचवटा हातानं थापला, खुरपं खाली टाकलं आणि कुंपणातून लंकाबाईच्या गोठ्याकडं निघून गेला.

हेलननं त्याला हाक मारली नाही. ती गुडघ्यावर हात रोवून उठली, खुरपं उचललं आणि उरलेली भोकं एकेक करून बुजवायला लागली. वाकायचं, माती ओढायची, पाणी शिंपडायचं, दाबायचं. कुंपणापलीकडून लंकाबाईचा आवाज येत होता, "का रं, तोंड का असं? शेळीनं क्येक खाल्ला व्हय तुजा?"

बऱ्याच वेळानं तो परत आला. डोळे पुसून पुसून लाल झालेले, कोपराला शेळीचे केस चिकटलेले. हेलन शेवटच्या भोकापाशी होती. लिंबाकडच्या कोपऱ्यातलं, जिथं काल ती दोराला हात लावून बसली होती.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"म्हणजे तू बाहेर थांबणार," तो म्हणाला.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

"हो," ती म्हणाली. "मी बाहेर थांबणार."

"वारा सुटला तर तुला इथून कळेल?"

"कळेल."

त्यानं मान हलवली. पटल्यासारखी नाही, पण ऐकल्यासारखी. ती माती ओढायला गेली तेव्हा त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"हे राहू दे. मी आल्यावर लागेल."

बाबांच्या सबंध नोकरीत एकही भोक तसंच सोडून गाडी पुढं गेली नव्हती. हेलन त्या भोकाकडं बघत राहिली. मग तिनं खुरपं बाजूला ठेवलं, लिंबाखाली पडलेली एक जुनी मातीची कुंडी उचलून आणली आणि शेळीचा पाय जाऊ नये म्हणून त्यावर पालथी घातली.